एका दिवसात तीन पाणी

माझा उजवा पाय अजून थोडा उसना वाटतो. चप्पल कधी निसटली ते त्याला कळत नाही. मी पुढे जात राहतो आणि मागून वंदना, माझी बायको, ओरडते, "अहो, चप्पल राह्यली मांगं!" मग मी परत फिरतो. सहा महिन्यांपूर्वी या पायाला माझं काही म्हणजे काही ऐकू जात नव्हतं. त्या मानाने चप्पल हरवणं ही चैन आहे.

लिहायला बसलो ते माझ्यासारख्या पाण्यात उतरून काम करणाऱ्यांसाठी. विहिरीतून मोटारी काढणारे, धरणावर कामाला जाणारे, हवेची टाकी पाठीवर बांधायला नुकतेच शिकलेले. मला झालेला आजार समुद्रावरच्या लोकांचा, अशी माझी समजूत होती. बुलढाणा जिल्ह्यात तो होईल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

डॉक्टरी भाषेत मी शिरणार नाही. खोल पाण्यात टाकीतली हवा श्वासात घेतली की दाबामुळे तिच्यातला काही वायू अंगात मुरतो. सावकाश वर आलात तर तो श्वासावाटे निघून जातो. घाई केलीत तर सोड्याच्या बाटलीचं बूच उडवल्यावर होतं तसं अंगात होतं, बुडबुडे. माझे बुडबुडे पाठीच्या कण्यात जाऊन बसले.

दोर

आमचं घर जळगाव जामोदच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. इकडच्या विहिरी खोल. आजोबा आणि नंतर बाबा विहिरीत पडलेलं काढून द्यायचे. बादल्या, इंजिनाचे पाइप, मोटारी, एकदा तर कुणाच्या साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, अंगठी. दोघंही दम धरून बुडी मारायचे. कमरेला दोर, त्याचं दुसरं टोक वरच्या माणसाच्या हातात. एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे दोर सोडा, तीन म्हणजे ओढा. खालच्याने काम करायचं, वजन वरच्याने पेलायचं. ही आमची सगळी विद्या.

आजोबांचा आणखी एक नेम होता: एका दिवशी एकच पाणी. पाणी म्हणजे एक विहीर, एक काम. दुसरं कितीही अडलेलं असो, ते उद्या. बाबांनी तो नेम जन्मभर पाळला. मला तो जुन्या माणसांचा भित्रेपणा वाटायचा.

मी कोकणात जाऊन टाकीचं शिक्षण घेतलं. तिथल्या शिक्षकांनी चार गोष्टी घोटून घेतल्या. दिवसात एकापेक्षा जास्त बुड्या मारायच्या तर सगळ्यात खोल बुडी आधी, उथळ नंतर. दोन बुड्यांच्या मधे बाहेर भरपूर वेळ बसायचं. वर येताना पंधरा फुटांवर थांबून मगच डोकं बाहेर काढायचं. आणि बुड्या मारल्यावर पुढचा अख्खा दिवस विमानात बसायचं नाही, कारण उंचावर हवेचा दाब कमी होतो.

घरी येऊन मी हे सगळं बाबांना सांगितलं. विमानाचं ऐकून ते खो खो हसले. "आपल्या अठी एसटी टायमावर येत नाही बे, इमान कुठून येते?"

मीही हसलो. तो चौथा नियम आम्ही दोघांनी मिळून तिथेच ओसरीवर सोडून दिला.

दिवस मी कसा लावला

दिवाळी होऊन गेली होती. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस, त्यामुळे मोटार अडकली की शेतकऱ्याचा जीव वर-खाली होतो. माझ्याकडे तीन कामं आली. संग्रामपूरकडची विहीर, पाणी साठ-पासष्ट फूट. आमच्याजवळची दुसरी, ऐंशी फूट. आणि धामणगाव बढेच्या बाजूला एक बंद पडलेली दगडाची खदान. तिच्यात लोखंडी पिंपांवर तरंगती ठेवलेली मोटार साखळी तुटून तळाला गेली होती. खदान नेमकी किती खोल ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण दोन्ही विहिरींपेक्षा खोल हे नक्की.

त्याच दिवशी संध्याकाळी पाचला बुलढाण्याला वंदनाच्या भाचीचं साक्षगंध होतं. वंदना आदल्या दिवशीच पुढे गेली होती. जाताना दारात उभं राहून तिने बजावलं होतं, "माह्या माहेरच्या कार्यक्रमाले तुमी कधी टायमावर नाही आले. या वक्ती या."

मी रात्री कागदावर आखणी केली आणि स्वतःवर खूश झालो. आधी संग्रामपूर, मग जवळची विहीर, मग नांदुऱ्यावरून खदान, तिथून मोताळा आणि राजूर घाट चढून थेट बुलढाणा. गाडी कुठेही उलटी फिरवायला नको. दिवस मी रस्त्याच्या सोयीने लावला, पाण्याच्या खोलीने नाही. त्यामुळे सगळ्यात उथळ बुडी पहिली आली आणि सगळ्यात खोल शेवटी. शिकलो होतो त्याच्या बरोब्बर उलटं. मला ते कळत होतं. पण एवढ्याने काय होतंय, असं म्हणत मी झोपलो.

खदान

पहिल्या दोन मोटारी निघाल्या. दुसऱ्या विहिरीच्या काठावर बाबांनी भाकरीचं फडकं सोडलं आणि म्हणाले, "आज पुरे. तिसरं उद्या करू. खदानीतलं पानी कोठी पळून चाललं?"

"संध्याकाळी बुलढाण्याले जाचं हाय बाबा. जाता जाता होऊन जाईन."

"आपल्या घरात एका दिवशी एकच पानी. आज दोन झाले."

मग मी जे बोललो ते आजही सलतं. "तो नेम दम धरनाऱ्याचा होता. तुमाले या टाकीतलं काय समजते?"

बाबांनी फडकं पुन्हा बांधलं. दोर गुंडाळून ते गाडीत जाऊन बसले. खाणं आणि गाडीतला वेळ धरूनही मी दीड तास पाण्याबाहेर नसेन. शिकवल्याप्रमाणे दोन-तीन तास बसायला हवं होतं.

खदानीचा तळ एकशे पाच फुटांवर लागला. अंधार, गार पाणी, हाताला लागेल तो दगड. मोटार सापडून तिला साखळी अडकवेपर्यंत माझा अंदाज पार चुकला. मनगटावरचं यंत्र, जे खोली आणि वेळ मोजतं, ते आता वर जा आणि थांबत थांबत जा म्हणून सांगत होतं. मला डोळ्यांपुढे घड्याळात तीन वाजून गेलेले दिसत होते, आणि दारात उभी असलेली वंदना.

मी दोराला तीन झटके दिले. बाबांनी ओढायला सुरुवात केली, पण सावकाश. मी पुन्हा तीन झटके दिले, जोरात. मग त्यांनी ओढलं. बाबांच्या दंडात अजून ताकद आहे. यंत्र मनगटावर किंचाळत होतं आणि मी पंधरा फुटांवर न थांबता सरळ उजेडात आलो.

घाट

वर आल्यावर मला मस्त वाटत होतं. हे लक्षात ठेवा. काही म्हणजे काही दुखत नव्हतं.

बाबांना शेजारी घेऊन निघालो. मोताळा मागे पडलं आणि घाट सुरू झाला. आमच्याकडे माणसं विचारतात, तुम्ही घाटावरचे की घाटाखालचे? सोयरिकीपासून बोलण्याच्या लकबीपर्यंत सगळं त्यावर ठरतं. हा घाट मी हजारदा चढलोय. दरवेळी वर आल्यावर कानात टुप् होतं, गार वारा लागतो, आणि तरीही घाट चढणं म्हणजे उंचावर जाणं, हे कधी डोक्यात शिरलं नव्हतं. उंच म्हणजे विमान, आणि विमान काही आपल्याकडे येत नाही.

तिसऱ्या वळणावर खांदा ठणकायला लागला. मोटारीच्या वजनाने असेल म्हणून मी स्टिअरिंगवरचा हात बदलला. माथ्यावर पोचेपर्यंत पोटावर खाज सुटली होती.

साक्षगंधाला मी वेळेवर पोचलो. वंदनाने लांबूनच पाहिलं आणि चक्क हसली. सतरंजीवर पाहुण्यांच्या ओळीत बसलो. पायाला मुंग्या आल्या, त्या बसून बसून आल्या असं वाटलं. मुलीला ओवाळून झालं, सगळे जेवायला उठले. मी उठायला गेलो तर उजवा पाय आलाच नाही. हाताने उचलून ठेवला तर ठेवला तिथे पडून राहिला.

"वंदना," मी म्हणालो, "मले उठता येऊन नाही राह्यलं."

तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग तिने माझा चेहरा पाहिला.

चिठ्ठी

बुलढाण्याच्या दवाखान्यात आधी लकवा म्हणाले, मग मणका. त्यांचा दोष नाही. घाटावरच्या दवाखान्यात पाण्याचा आजार घेऊन कोण येतं? एका पाहुण्याने खदानीत काहीतरी आहे, उतारा काढा, असंही सुचवलं. तोवर लघवीही थांबली होती आणि नळी घातली होती. मला पहिल्यांदा खरी भीती वाटली ती तेव्हा. पाय गेला तर कुबडी घेता येते. पण हे कुणाला सांगणार?

वंदनाने माझं पाकीट उपसलं. त्यात शिक्षणाच्या वेळची चिठ्ठी होती, शिक्षकांच्या नंबराची. तिने फोन लावला आणि काय काय झालं ते सांगितलं. पलीकडून प्रश्न आले ते तिने मोठ्याने म्हटले आणि मी दिलेली उत्तरं तशीच फोनात सांगितली.

"बुड्या किती? तीन. शेवटची किती खोल? एकशे पाच. मग कुठे गेलात? मग..." ती थांबली. "घाट चढून आलो."

 मग शिक्षक म्हणाले, आधी आडवं झोपवा, पूर्ण ऑक्सिजन लावा, आणि दाबाची कोठडी असलेल्या शहरात हलवा. उद्यावर ढकलू नका. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्वतः त्यांच्याशी बोलून घेतलं आणि लगेच गाडी दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. माझी बायको दहावी शिकलेली आहे आणि त्या दिवशी तिथे सगळ्यात शहाणं माणूस तीच होती.

एक वाक्य

त्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात दाबाच्या कोठडीच्या डॉक्टरीणबाई होत्या. शांत बाई. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "वर इतक्या वेगाने कसे आलात?"

खाटेच्या एका बाजूला वंदना होती, दुसऱ्या बाजूला बाबा. मला एवढंच दिसत होतं की आपण साक्षगंधासाठी घाई केली, नियम मोडले, आणि आता हिच्या डोळ्यांदेखत ते कबूल करायचं.

मी म्हणालो, "बाबांनी दोर ओढला."

हे खोटं नव्हतं, म्हणून तर सोपं गेलं. वंदनाने बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली. "हाव मॅडम. म्याच ओढला."

कोठडी

ती एक लोखंडी टाकी असते, आडवी, गोल काचेची खिडकी असलेली. तुम्हाला आत ठेवून दाब वाढवतात, म्हणजे कोरड्यातच पुन्हा खोल पाण्यात नेतात. मग तोंडावर ऑक्सिजन लावून तासन् तास सावकाश वर आणतात. जे मी एका मिनिटात उरकलं होतं त्याला पहिल्या दिवशी पाच तास लागले. पुढे रोज दोन तास.

रोजचा क्रम ठरून गेला. सकाळी सहाला नळीची पिशवी बदलणं, सातला चहा, मग डॉक्टरीणबाई तळपायाला टोकदार काडी लावून विचारायच्या, "कळतंय?" मी खोटंच हो म्हणायचो, मग त्या मला डोळे मिटायला लावून पुन्हा विचारायच्या. मग कोठडी. दुपारी व्यायाम शिकवणारी मुलगी यायची आणि माझा अंगठा हलावा म्हणून आम्ही दोघं त्याच्याकडे टक लावून बसायचो. चौथ्या दिवशी तो हलला. वंदनाने ते पाहिलं, बाहेर जाऊन रडली, आणि परत येऊन मला रागावली की एवढ्यासाठी माणसाने जिवावर उदार व्हायचं का. दोन्ही बरोबर होतं.

बाबा कोठडीच्या बाहेर बाकावर बसायचे. खिडकीतून मला त्यांचं अर्धं डोकं दिसायचं. यंत्र चालवणाऱ्या माणसाने मला नंतर सांगितलं की म्हातारा दर दहा मिनिटांनी उठून विचारतो, "आता वर आनून राह्यले का? हळू आना हो साहेब. घाई करू नका."

आत मास्क लावून मी ते ऐकू शकत नव्हतो. ऐकलं असतं तर कदाचित तेव्हाच बोललो असतो. कदाचित नाही. भित्रा माणूस कारणं शोधतो.

घरी

तीन आठवड्यांनी काठी टेकत घरी आलो. नळी निघाली होती. पाय ओढत का होईना चालत होतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पाय बराचसा येईल, पण पाण्यात पुन्हा उतरायचं नाही.

माणसं भेटायला येत. बसत, चहा घेत, आणि जाताना आवाज खाली करून वंदनाला म्हणत, "म्हाताऱ्यानं भलताच ओढला म्हनतात." बातमी माझ्याआधीच गावात पोचली होती. बाबांनी पाराकडे जाणं सोडलं. दोर ओसरीच्या खुंटीला टांगलेला होता, त्याच्याकडे ते बघतही नसत. चाळीस वर्षं ज्या हातांवर लोकांनी जीव सोपवले, ते हात मांडीखाली घेऊन बसायचे.

मी रोज ठरवायचो, आज सांगू. रोज काहीतरी निघायचं. व्यायाम, थकवा, पाहुणे. चार महिने गेले. पाय सुधारत गेला आणि बाबा वाकत गेले, आणि हे दोन्ही मी एकाच ओसरीवरून बघत होतो.

पुन्हा काम

गेल्या महिन्यात शेजारच्या गावचे एक शेतकरी आले. त्यांची मोटार विहिरीत गेली होती. पाणी फार नव्हतं, वीसेक फूट. वरून आकडा सोडून काढता आली असती, आणि आकडा सोडण्यात बाबांच्या तोडीचा माणूस आमच्या पट्ट्यात नाही.

"काका, तुमी चला," ते म्हणाले.

बाबांनी मान हलवली. "आता नाही बापा. माह्या हाताचा भरोसा नाही राह्यला. पोराले लंगडा केला म्या."

शेतकरी खाली बघायला लागले. वंदना चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

मी काठी न घेताच उठलो. उभं राहून सांगायला हवं असं काहीतरी वाटलं. म्हणालो, "त्याईनं नाही केलं. खदानीत तीन झटके म्या देल्ले होते. बाबा हळू ओढून राह्यले होते, म्हनून पुन्हा तीन देल्ले. हे नाहीच म्हनत होते, एका दिवशी एकच पानी. म्या ऐकलं नाही. डाक्टरीनबाईले म्या अर्धंच सांगतलं, अन् बाकीचं दाबून ठेवलं."

वंदनाने ट्रे खाली ठेवला. पुढे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, ते वेगळं. तिचं म्हणणं एवढंच होतं की तिच्या कार्यक्रमाला मी उशिरा आलो असतो तर ती चार शब्द बोलली असती आणि विसरली असती.

मी बाबांच्या तोंडाकडे बघायचं टाळत होतो. शेवटी बघितलं. त्यांना आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

"मले मालूम हाय," ते म्हणाले. "दोर माह्या हातात होता. झटके मले नाही कळतीन त कोनाले कळतीन?"

"मंग बोलले काऊन नाही? चार महिने?"

बाबांनी दोन्ही हात मांडीखालून काढून गुडघ्यांवर ठेवले. "तू खाली होता ना बे. वजन वरच्यानं घ्याचं असते."

मला तिथे सगळ्यांसमोर रडू आलं. उसन्या पायावर उभं राहून रडणं अवघड असतं, म्हणून मी खाली बसलो.

बाबा उठले, खुंटीवरून दोर काढला आणि हातभर हातभर ओढून तपासायला लागले. शेतकऱ्यांना म्हणाले, "तुमची मोटार आज काहाडून देतो. पन गावात कोनाची दुसरी पडली असन त त्याले सांगून ठेवा, उद्या." मग माझ्याकडे न बघता दोराचं एक टोक माझ्या मांडीवर टाकलं.

"धर. चप्पल घालून ये आधी."